आपाच्या कपाटातला कॅमेरा

नांदेडात माझी ओळख ‘बायकांच्या बाजूची फोटोवाली’ अशी आहे. लग्न कुणाचंही असो, बाहेर मांडवात पुरुषांचे चार-चार कॅमेरे असतात, वर ड्रोन घरघरत असतो, एक जण शिडीवर चढलेला असतो. आतल्या खोलीत, जिथं बायका दार लोटून बसलेल्या असतात, तिथं मी एकटी असते. माहेर माझं लोह्याकडचं, शेतकऱ्याचं. आमच्यात बायकांनी फोटो काढून घेतला तरी पुष्कळ, फोटो काढणारी बाई कुणी पाहिलेलीच नव्हती. सासरी आल्यावर हे काम मी हट्टानं शिकले आणि हट्टानंच टिकवलं. स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगते. पण त्या खोलीत शिरले की माझाही आवाज खाली येतो.

माझं बरंचसं काम जुन्या नांदेडातल्या मुसलमान घरांत असतं. सगळी घरं सारखी नसतात. कित्येक घरांत पुरुष फोटोवाले बिनदिक्कत आत येतात, मुली रील बनवतात, कुणाला काही वाटत नाही. पण काही घरांत आजही बायकांचे फोटो बायकांतच राहावेत असा दंडक आहे, आणि मला बोलावतात ती हीच घरं. त्यांच्यासाठी मी एक रीत घालून घेतली आहे. काम सुरू करण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला कॅमेऱ्याचं छोटं झाकण उघडून दाखवायचं. आत मेमरी कार्डाच्या दोन खाचा असतात. दुसरा कुठलाही फोटोवाला दोन्हींत कार्ड घालतो, म्हणजे एक बिघडलं तरी दुसऱ्यावर सगळं शाबूत राहतं. मी एकच घालते. दुसरी खाच रिकामी आहे हे त्या बाईनं स्वतः बोट लावून बघायचं. काम संपलं की ते कार्ड काढून तिच्या तळहातावर ठेवायचं. माझ्याकडे कॉपी राहत नाही. अल्बम हवा असेल तर मी लॅपटॉप घेऊन तिच्या घरी बसते आणि उठताना सगळं पुसून उठते.

पुण्याच्या एका फोटोवाल्यानं हे ऐकून मला वेड्यात काढलं. धंद्याच्या दृष्टीनं त्याचं काही चुकलं नाही. पण त्याला त्या खोलीत कुणी बोलावणारही नाही.

माझा जुना कॅमेरा अंधाराला दबकायचा. जुन्या घरांतल्या आतल्या खोल्या लहान, उजेड एका ट्यूबलाइटचा, आणि फ्लॅश मारला की हसणाऱ्या बायका एकदम गप्प होतात. मला कमी उजेडात चालणारा कॅमेरा हवा होता. नांदेडच्या दुकानदारानं काचेतून काढून दाखवला, हातात दिला, वर सांगितलं की कंपनीचं पक्कं बिल आहे, जीएसटी आहे, दोन वर्षांची वॉरंटी आहे. किंमत ऐकून मी तो परत काचेत ठेवायला सांगितलं. घरी येऊन मोबाइलवर शोधलं तर तोच कॅमेरा, तोच डबा, बराच स्वस्त. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं: इम्पोर्टेड, सेलर वॉरंटी एक वर्ष.

माझा थोरला भाऊ लातुरात असतो, डाळमिलवाल्यांचं कराचं काम बघतो. त्याला फोन लावला. त्यानं आधी ‘लंकेत सोन्याच्या विटा’ म्हणून माझी चेष्टा केली आणि मग नीट समजावून सांगितलं. हा माल कंपनीनं इथं आणलेला नाही. कुणीतरी बाहेरून, बहुतेक कस्टम चुकवून आणलेला आहे, म्हणून स्वस्त आहे. कंपनी त्याला आपला मानणार नाही. पक्कं बिल मिळणार नाही, म्हणून विमा उतरवता येणार नाही, आयकरात घसारा दाखवता येणार नाही, चोरीला गेला तर पोलिसांपुढे ठेवायला कागद नाही. मी विचारलं, दुकानातून घेतला तर जीएसटीचे अठरा टक्के मला परत मिळतील का. तो म्हणाला, ते ज्याचा जीएसटी नंबर आहे त्याला वळते होतात. तुझा व्यवसाय लहान, तुझ्याकडे नंबर नाही, म्हणजे तो कर तुझ्याच पदरचा.

‘मग मोठ्यांना परत, आन मी भरायचा?’ मी म्हणाले.

‘कायदा हाय बाई तो. म्या न्हाई केला.’

मला राग आला, आणि राग आला की मी निर्णय लवकर घेते. त्या रागात थोडा हिशेबही होता. दुकानातला कॅमेरा घ्यायला मला आणखी एक अख्खा लग्नसराईचा मोसम थांबावं लागलं असतं. लोक म्हणतात मी फसले. फसले नाही. सगळं ऐकून, समजून, डोळे उघडे ठेवून घेतला.

पार्सल आलं तेव्हा डब्यातलं माहितीपुस्तक कुठल्याशा चौकटी-चौकटींच्या लिपीत होतं. चार्जरच्या पिना चपट्या, आपल्या सॉकेटात न जाणाऱ्या. वजिराबादच्या बाजारातून जोडपिन आणावी लागली. बिल म्हणून एक कागद होता, त्यावर गोल शिक्का, जीएसटी नंबरची जागा मोकळी. कॅमेऱ्याच्या बुडाशी एका स्क्रूवर चंदेरी स्टिकर चिकटवलेला होता आणि विक्रेत्यानं मोबाइलवर बजावलं होतं की हा स्टिकर फाटला की वॉरंटी संपली. पण कॅमेरा हातात घेऊन मी घरातल्या देवघराचा फोटो काढला, फक्त निरांजनाच्या उजेडात, आणि देवांची नाकं-डोळे स्वच्छ आले. मी खूश झाले. भावाला तो फोटो पाठवला.

पुढचे काही महिने कॅमेऱ्यानं चोख काम केलं. मग आपाच्या मुलीचं लग्न आलं.

आपाचं घर माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी. तिचा नवरा पत्र्याच्या पेट्या बनवतो, मुलगी एकुलती एक. मुलीला लातुरात दिलं होतं. आपा या बाबतीत फार कडक होती आणि तिच्या कडकपणाला कारण होतं. तिच्या नात्यातल्या एका मुलीचा मेंदीच्या दिवशीचा फोटो कुणाच्या तरी मोबाइलवरून निघून गावभर फिरला होता, आणि त्यात त्या पोरीचं कॉलेज सुटलं. त्यानंतर आपानं ठरवलं की तिच्या घरात असं होणार नाही. लग्नाच्या दिवशी दारातच एक टोपली ठेवली होती. आत येणाऱ्या प्रत्येक बाईनं मोबाइल बंद करून त्यात टाकायचा. विहीणबाईंचा मोबाइलसुद्धा टोपलीत गेला. थोडी कुरकुर झाली, पण आपापुढे कुणाचं चाललं नाही.

सकाळी मी तिला झाकण उघडून दाखवलं. तिनं चष्मा लावला, रिकाम्या खाचेत करंगळीचं टोक घालून बघितलं आणि मान हलवली. मग दिवसभर मी काम केलं. गाणी झाली, बांगड्या झाल्या, मुलीच्या मैत्रिणींनी आपाची नक्कल केली. मी आपाला दोनदा म्हणाले, मुलीशेजारी बस, तुमचा दोघींचा एक फोटो काढते. ‘मला काय बघायचंय, पोरीचे काढ,’ म्हणून ती उठून गेली. लग्नघरातली आई एका जागी कुठं बसते.

संध्याकाळी पाठवणी झाली. शेवटचे फोटो काढत असताना पडद्यावर कार्ड वाचता येत नाही असं काहीतरी आलं आणि कॅमेरा बंद पडला. बॅटरी बदलली, काही नाही. झाकण उघडून कार्ड दाबलं. दाबलं की खटकन बाहेर यायला हवं, ते आलं नाही. आतली स्प्रिंग मेली होती. नखानं ओढलं, टाचणीनं बघितलं, आणि जास्त ओढलं तर कार्डच मोडेल म्हणून सोडून दिलं. समोर आपा उभी होती. मुलगी नुकतीच गेलेली, डोळे सुजलेले, आणि कार्डासाठी हात पुढे केलेला.

मी लेन्स काढून घेतली, बॅटरी काढून घेतली आणि अख्खा कॅमेरा तिच्या हातात दिला. दुसरं काही मला सुचलं नाही. दिलेला शब्द होता की फोटो या घराबाहेर जाणार नाहीत, आणि फोटो तर कॅमेऱ्यात अडकले होते. आपानं तो आपल्या एका ओढणीत गुंडाळला आणि कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांना फोन केला. त्यांनी डब्यावरचा नंबर मागितला, थोडा वेळ थांबवलं आणि नम्रपणे सांगितलं की हा कॅमेरा त्यांनी या देशात विकलेला नाही. मी म्हणाले, पैसे घ्या, पण दुरुस्त करा. तेही होणार नाही म्हणाले. मग विक्रेत्याला मेसेज टाकला. तो मात्र तयार होता. स्टिकर शाबूत असेल तर कुरियर करा, फुकट दुरुस्त करतो. कार्ड अडकलंय म्हटल्यावर म्हणाला, राहू द्या आत, आमची माणसं काढतील, त्यावरच्या फोटोंची जबाबदारी मात्र आमची नाही.

मी आपाकडे गेले. तिला सगळं नीट सांगितलं. वॉरंटी म्हणजे काय, स्टिकर कशाला, कंपनी का हात लावत नाही. ती ऐकून घेत होती. शेवटी मी म्हणाले, कॅमेरा दे, पाठवून देते, महिनाभरात परत येईल.

‘माझी पोरगी हाय त्यात,’ आपा म्हणाली. ‘पोरीला का कुरियरनं धाडू?’

मला चीड आली. मोसम सुरू होता, मी जुन्या कॅमेऱ्यावर आले होते, दोन घरांनी फोटो काळे आले म्हणून तोंडं वाकडी केली होती. माझाच कॅमेरा, माझ्याच कष्टाचा, आणि मीच मागायला आलेली. तसं मी बोलूनही दाखवलं. आपानं वाद घातला नाही. तिनं कपाट उघडलं, ओढणी सोडली आणि कॅमेरा माझ्यापुढे ठेवला. त्याच्यावर धुळीचा कण नव्हता. ती म्हणाली, रोज पुसते. मुलगी गेल्यापासून घर खायला उठतं, मग हे काढून बसते. दिसत काही नाही, पण आत आहे एवढं ठाऊक आहे. न्यायचा तर ने, तुझा आहे. पण उघडणारी कुणी बाई सापडली तर बघ.

मी नेला नाही. चहा पिऊन उठले.

कॅमेरा दुरुस्त करणारी बाई मी खरंच शोधली. नांदेडात विचारलं, हैदराबादेत ओळखी काढल्या, पुण्यात फोन केले. या धंद्यात बाई सापडली नाही. प्रत्येक वेळी आपाला फोन करून सांगायची, अजून नाही. ती म्हणायची, घाई नाही.

थंडी सुरू झाली त्या दिवसांत आपा गेली. सकाळी कपडे वाळत घालताना छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचली नाही. मी भेटायला गेले तेव्हा खोली बायकांनी भरलेली होती, लातूरहून मुलगी आलेली होती. ज्या खोलीत मी तिला नवरी म्हणून पाहिलं त्याच खोलीत ती भिंतीला टेकून बसली होती, आणि मला तिथं थांबवेना.

चाळिसावा दिवस झाल्यावर मुलीचा लातूरहून फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, ताई, अम्मीचा फोटो न्हाई माझ्याजवळ. एक आधार कार्डावरचा आहे, एक हजसाठी काढलेल्या पासपोर्टावरचा. दोन्ही सरकारसाठी काढलेले. पांढऱ्या भिंतीपुढे, ओठ मिटून, जणू कुणी रागावलंय. ते बघितले की अम्मी आठवत नाही, उलट विसरल्यासारखी होते. त्या कॅमेऱ्यात ती असेल का, एवढंच तिला विचारायचं होतं.

असेल, मी म्हणाले. पण तो उघडायचा तर कुणा पुरुषाच्या हातात द्यावा लागेल.

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला.

‘अम्मी असती तर नको म्हणली असती,’ ती म्हणाली. ‘तिचं मोडून बघू का? मलाच कळंना.’

मलाही कळत नव्हतं. शब्द मी आपाला दिला होता, आणि ज्याला शब्द दिला ते माणूस उरलं नाही म्हणजे शब्द सुटला असं मी मानत नाही. दुसरीकडे आईचा चेहरा विसरत चाललेली पोर होती. मला वाटलं, दोन्ही सांभाळायचं तर एकच वाट आहे. पुरुष कॅमेरा उघडेल, पण फोटो बघणार नाही. आम्ही दोघी समोर बसू, कार्ड निघालं की ते सरळ मुलीच्या हातात. ती तयार झाली.

विक्रेत्याची वॉरंटी अजून शिल्लक होती. बाहेर कुठं उघडला की ती जाणार, आणि कॅमेरा बहुधा कायमचा. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, अगं, फुकटात दुरुस्त करून द्यायलेत, दुसऱ्याच्या फोटोपायी कॅमेरा घालवतीस का. मग मी त्याला सगळी हकीकत सांगितली. तेव्हा तो म्हणाला, इथं गंजगोलाईच्या बाजारामागं एक जण आहे, घड्याळं आणि कॅमेरे उघडतो, माणूस भला आहे, ये घेऊन.

कॅमेरा आणायला मी आपाच्या घरी गेले. दार तिच्या नवऱ्यानं उघडलं. कपाटाची किल्ली आता त्यांच्याकडे होती. त्यांनी ओढणीसकट कॅमेरा काढून दिला आणि विचारलं, ‘ती हाय का ह्यात?’ मी म्हणाले, असावी. त्यांनी मान हलवली. फोटो दाखव असं ते म्हणाले नाहीत. नवरा असून म्हणाले नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं.

सकाळच्या एसटीनं निघाले. लोहा आलं, अहमदपूर आलं, कॅमेरा मांडीवर होता. लातुरात शिरताना दोन्ही बाजूंना क्लासवाल्यांचे फलक, त्यावर पोरापोरींचे हसरे चेहरे, ज्यांना कुणीही बघावं. स्टँडवर मुलगी बुरख्यात उभी होती. मी ओढणी तिच्या हातात दिली. तिनं ती नाकाशी धरली आणि तशीच काही वेळ उभी राहिली. मी रिक्षा शोधायच्या निमित्तानं लांब झाले.

दुकान अरुंद होतं. माणूस पन्नाशीचा, मितभाषी. भावानं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तरी मुलीनं स्वतः सांगितलं की कार्ड काढा, पण कुठल्याही मशीनला लावू नका. त्यानं मान डोलावली. म्हणाला, माय, मला फकस्त कार्ड काढायचंय, त्यात काय हाय त्याच्याशी माझं काम न्हाई. मग कॅमेरा उलटा करून माझ्याकडे बघितलं.

‘हे सील फाडावं लागतंय. वॉरंटी जाईल.’

‘फाडा,’ मी म्हणाले.

तो स्टिकर म्हणजे त्या कॅमेऱ्याचा एकुलता एक वाली होता. आत बघून तो माणूस म्हणाला की हा आधीही कुणीतरी उघडलेला आहे, कार्डाची खाच बदलून पुन्हा नवा म्हणून विकलाय. एरवी मी त्या विक्रेत्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्या वेळी माझं लक्ष फक्त त्याच्या हातातल्या चिमट्याकडे होतं. चिमटा आत गेला, थांबला, वळला. मुलगी माझा हात धरून बसली होती आणि तिला ते कळत नव्हतं. कार्ड बाहेर आलं. एका कोपऱ्याला टवका उडालेला. त्यानं ते हातात न देता काचेवर ठेवलं आणि आमच्याकडे सरकवलं. मुलीनं उचललं.

कॅमेऱ्याबद्दल त्यानं विचारलं. आतली मुख्य सर्किटची पट्टी जळलीय, बाहेरून मागवावी लागेल, त्यापेक्षा दुसरा घेतलेला बरा. मी म्हणाले, ठेवा तुमच्याकडेच, सुटे भाग कामाला येतील.

भावाच्या घरी वहिनीनं पुढची खोली मोकळी करून दिली आणि भावाला दूध आणायला पाठवलं. मी लॅपटॉप काढला. मुलीनं बुरखा काढून ठेवला, केस सारखे केले, जणू कुणाला भेटायचंय. कार्ड घातलं. पहिल्यांदा काहीच आलं नाही. काढून, पुसून पुन्हा घातलं. मी मनातल्या मनात आपाला म्हणाले, आता तरी अडवू नकोस. मग एकेक चौकोन उजळायला लागला. शेवटचे काही अर्धे राखाडी झालेले होते, पण बाकीचे होते.

मुलगी आईचा सरळ, समोरून काढलेला फोटो शोधत होती. तसा एकही नव्हता. आपा पुष्कळ फोटोंत होती, पण कडेला. दाराच्या चौकटीत, कुणाच्या तरी खांद्यामागं, हातात सरबताचं ताट घेऊन. मी काढत होते नवरीचे फोटो, आपा माझ्या नकळत त्यात आली होती. कॅमेऱ्याकडे ती एकदाही बघत नव्हती. मुलगी वैतागली. एकदा तरी इकडं बघायचं होतं अम्मीनं, म्हणाली. मी पुढं जात राहिले. बांगड्यांचा फोटो, आपा दारात. मैत्रिणी नक्कल करताहेत, सगळ्या हसताहेत, आपा मागं उभी. निकाहनंतरचा, आपा खिडकीशी.

मग मुलीनं माझा हात धरून मला थांबवलं आणि मागच्या फोटोंवर जायला सांगितलं. एक, दुसरा, तिसरा. ती पडद्याच्या अगदी जवळ गेली.

‘मी रुसले व्हते तिच्यावर,’ ती म्हणाली. ‘दिसभर एकदा बी माझ्याजवळ येऊन बसली न्हाई म्हणून. मोठ्या बायांनी सांगितलं व्हतं, नवरीनं मान वर करायची न्हाई, तर मी खाली बघूनच व्हते. मला वाटलं, अम्मी कामात हाय, तिला माझं काही न्हाई. जाताना बी धड बोलले न्हाई तिच्याशी.’

फोटोत आपाच्या हातातलं ताट कलंडलं होतं, सरबत सांडत होतं, आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती मुलीकडे बघत होती. आधीच्या फोटोतही. त्याच्या आधीच्याही.

मुलगी रडत नव्हती. तिनं ओढणी मांडीवर घट्ट धरली होती. ‘अजून लावा ताई,’ ती म्हणाली.

मी पुढचा फोटो लावला. त्यातही नवरीची मान खाली होती, आणि आपा तिच्याकडेच बघत होती.